श्रिंकेज

उद्यमनगरात एकेचाळीस वर्षं लाकडाचे पॅटर्न केले.
पंपाचे, चरकाचे,
एकदा कुठल्याशा जहाजाच्या कप्पीचा,
जे जहाज मी कधी बघितलं नाही.
वाळूत माझं लाकूड दाबायचे, अलगद काढून घ्यायचे,
आणि मागे राहिलेल्या पोकळीत रस ओतायचे.

म्हणून राजारामपुरीतल्या त्या खुर्चीवर
नेजकर डॉक्टरीणबाईंनी गुलाबी लगद्याचा ट्रे
टाळूला दाबून धरला,
"नाकानं श्वास घ्या काका, हलू नका" म्हणाल्या,
तेव्हा उलटी यायच्या आधी मला हसू आलं.
आज वाळू मीच.

शेवटचे चार एका बुधवारी निघाले होते.
जखमा भरेपर्यंत आमटीत कुस्करलेली भाकरी,
आणि संध्याकाळी गंगावेशीत कट्ट्यावर
म्हशीखालचं फेसाळ दूध.
रंगा कुंभार सगळ्यांसमोर म्हणाला,
"आनंदा, आत्ता खरा शोभतोस बघ हितं."
मी तोंडावर हात ठेवून हसलो.
ती सवय पुढं बरेच दिवस सुटली नाही.

हाडात स्क्रू मारून पक्के बसवायचे
तर जावयाच्या गाडीएवढे पैसे.
काढघालीची कवळी बरी, म्हटलं.
मग बाईंनी दातांच्या रंगांची माळ पुढं केली.
शेवंतानं सगळ्यांत पांढऱ्यावर बोट ठेवलं:
"लग्नात बघायला मिळाले न्हाईत, आत्ता तरी."
मी शेवटून तिसरा घेतला,
जुन्या सदऱ्याच्या बटणासारखा.
आणि म्हटलं, पुढच्या दोघांत फट ठेवा.
"फट कशाला काका? चांगले जुळवून देते की."
खिळ्यांची जागा आहे ती, बाई.
दोन्ही हात कामात असले की
बारीक खिळे तिथंच धरत आलोय,
विसाव्या वर्षापासून.
मेणाचे दात तोंडात बसवून त्यांनी आरसा दिला.
मी खिशातली पट्टी काढून फट मोजली.
त्या काही बोलल्या नाहीत.

पहिला आठवडा
तोंडात कुणाची तरी चप्पल घातल्यासारखं.
भात कळेना, चहा कळेना,
डाव्या हिरडीला फोड.
त, द, न जिभेला सापडेनात,
आणि स म्हटला की शिट्टी.
पहाटे गच्चीवर जाऊन घोकायचो:
साठमारी, सासने मैदान,
शाहूपुरी सहावी गल्ली,
साडेसातशे साठ.
शेजारचं कुत्रं कान टवकारून बसायचं.
एकदा माजघरातून हाक मारली, "शेवंता!"
ती आतनं ओरडली,
"अवो, कुकर बंद करूनच आलो की मी!"

दोनदा घासून आणली.
तिसऱ्यांदा बाई म्हणाल्या,
"हिरड्या आवळत जातात काका,
वर्षभरात सैल होईल, परत भरून घेऊ."
मला कुणी हे सांगायची गरज नव्हती.
रस निवला की आकसतो.
बिडाला शंभराला एक धरायचं,
ॲल्युमिनियमला थोडं जास्त,
आणि लाकूड आधीच तेवढं मोठं ठेवायचं.
त्यासाठी आमची पट्टीच वेगळी असते,
तिच्यावरचा इंच खऱ्या इंचाहून जरा मोठा.
माणसाला किती धरायचं,
हे कुठल्या पट्टीवर नाही.
बाबांचा सदरा त्यांनाच मोठा होत गेला,
तेव्हा मी वीस वर्षांचा,
मला वाटलं होतं, कापड ताणलंय.

रात्री कवळी स्टीलच्या वाटीत पाण्यात असते.
स्टोअरच्या फळीवर प्रत्येक पॅटर्नला नंबर असायचा,
पिवळ्या रंगात, माझ्या हातचा.
हिला अजून दिलेला नाही.

परवा मुलाच्या वर्कशॉपात सहज गेलो.
आता सगळं मशीनवर कापतात,
पण एक कोपरा ठोकायचा राहिला होता.
दोन्ही हात लाकडावर, खिळे डबीत,
पोरगा फोनवर.
मी एक खिळा उचलून फटीत ठेवला.
बसला.
हलला जरा, पण बसला.
दातांना काही कळलं नाही,
जिभेला कळलं:
तीच खारट, गंजकी चव.

पोरानं फोन ठेवून विचारलं, काय म्हणालात?
खिळा तोंडात होता.
मी हात केला: थांब.